तुम्ही विचारलंत म्हणून: घाट, खिंड आणि नाळ

ट्रेकला नव्याने आलेलं कुणी ना कुणी वाटेत विचारतंच, "घाट काय, खिंड काय, नाळ काय, शेवटी डोंगरातली वाटच ना?" चढताना दम लागलेला असतो, धड सांगणं होत नाही. म्हणून आज बसून लिहितोय.

नाणेघाटात फरक डोळ्यांनी दिसतो. जुन्नरकडून गेलात की पठार संपतं तिथे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. पुढे दोन कातळांच्या मधली चिंचोळी फट. ती खिंड, डोंगराच्या धारेला पडलेली खाच. तिच्यातून पलीकडे उतरलात की सातवाहनांची गुहा लागते, भिंतींवर ब्राह्मी लेख कोरलेला. तिथून वाट खाली वैशाखऱ्याकडे कोकणात जाते. हा सगळा चढ-उतार म्हणजे घाट.

खिंड डोंगराची असते, घाट येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. वाईला कृष्णेत पायऱ्यांनी उतरतो त्यालाही आपण घाटच म्हणतो, हे मला फार आवडतं. उतरायला सोयीची जागा, मग खाली पाणी असो की कोकण. उलट पावनखिंडीला कुणी घाट म्हणणार नाही. 1660 साली बाजीप्रभूंनी मोजक्या मावळ्यांनिशी सिद्दीची फौज रोखली, ती अशा अरुंद जागेच्या आधारावर.

नाळेचं काम वेगळं. कड्यावरून कोसळणाऱ्या पावसाच्या पाण्याने चिरत नेलेली ती उभी घळ, तळाशी नुसते धोंडे. मोहरी गावातून लिंगाणा किल्ल्याकडे जाताना बोराट्याची नाळ उतरावी लागते. तिथे खालचा माणूस बाजूला झाल्याशिवाय वरच्याने पाऊल टाकायचं नाही. एक धोंडा निसटला की त्याच्यामागून चार येतात, आणि घळीत पळायला जागा नसते. पावसाळ्यात तर मी कुणाला तिथे नेत नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मोहरीत एका आजोबांना विचारलं होतं, "बाबा, हा घाट कुठे उतरतो?"

"घाट न्हाई, नाळ हाय ती. बैल उतरंल का तिथनं?"

म्हणून गावात वाट विचाराल तेव्हा शब्द नीट ऐका. घाट म्हणाले तर काठी टेकत निवांत जा. नाळ म्हणाले तर काठी सॅकला बांधा, दोन्ही हात मोकळे ठेवा, आणि उजेड असतानाच उतरायला लागा.