पावसाबरोबर पडले की काय?

"कालपर्यंत इथे एक बेडूक नव्हता. पावसाबरोबर पडले की काय?" मागच्या रिकाम्या प्लॉटवर टॉर्च मारत शेजारचे काका म्हणाले.

पडले नाहीत काका, खालून वर आले.

उजेडात एक गोलमटोल स्फेरोथेका बेडूक मागे सरकत सरकत मातीत शिरत होता. याच्या मागच्या पायांच्या तळव्यांना फावड्यासारखा कडक उंचवटा असतो, त्यानेच तो उलटा खणत जातो. उन्हाळाभर ओलसर मातीत निपचित, शरीराचा सगळा कारभार मंदावलेला. पाऊस मुरला की वर, आणि मग नुसती घाई. साचलेल्या डबक्यात अंडी घालायची, अन् डबकं आटायच्या आत बेडूकमाशांना पाय फुटायला हवेत!

या प्लॉटवर लवकरच काँक्रीट पडणार आहे. पावसाळा सरल्यावर हे खाली जाणार कुठे?