टोपी कोणाकडे आहे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा दिवस बोटीवर राहणार म्हटल्यावर ऑफिसात प्रत्येकाने एकच विचारलं, दिवसभर करणार काय तिथे? काहीच नाही, तोच तर प्लॅन आहे, असं मी सांगायचे. तेव्हा मला खरंच वाटत होतं की काहीच न करणं सोपं असतं.

मोठी माणसं आठ. मी, नवरा, भाऊ, वहिनी, मावशी, काका आणि नवऱ्याचा कॉलेजचा मित्र बायकोसकट. पोरं चार, त्यातला सगळ्यात धाकटा म्हणजे माझा सहा वर्षांचा भाचा. तळं मोठं, राहायची बोट एक आणि तिच्या मागे दोरीने बांधलेली वल्ह्यांची छोटी होडी. पहिले दोन दिवस तर निवांतपणाचा पत्ताच नव्हता, कारण प्रत्येकजण घरून आपापला प्लॅन घेऊन आलेला. नवऱ्याला मासे पकडायचे होते, वहिनीला चार पुस्तकं संपवायची होती, आणि भाऊ सुकाणूवर बसून दर पाच मिनिटांनी आपण किती नॉटने चाललोय ते ओरडून सांगत होता. पाच नॉट! त्याच्या तोंडून ऐकताना वाटायचं विमान उडवतोय, प्रत्यक्षात एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, त्यामुळे पाच नॉट म्हणजे नऊ-सव्वानऊ किलोमीटर, काठावरचा सायकलवाला आम्हाला आरामात मागे टाकून जात होता आणि वर हातही करत होता.

पण त्या संथपणानेच हळूहळू आमच्यावर काम केलं. जाऊन जाऊन जाणार कुठे, बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणी कंटाळून उठून निघून जाऊ शकत नाही, भांडण झालं तरी अर्ध्या तासाने त्याच माणसाच्या शेजारी पाय सोडून बसायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी म्हणाली, "अगं, आज वार कोणता?" आणि कोणालाच पटकन सांगता येईना, तेव्हा म्हटलं आता सुट्टी लागली.

आणि त्याच दिवशी दुपारी ते झालं.

बोट काठाजवळ नांगरलेली, पोरं मागच्या शिडीपाशी पाण्यात, मोठी आठच्या आठ माणसं डेकवर. कोणी पुस्तकात, कोणी पत्त्यात, काका झोपलेले. भाचा हवा भरलेल्या रिंगमध्ये होता आणि लाइफ जॅकेट खुर्चीवर, कारण रिंग आहे ना, मग जॅकेट कशाला, असं आम्ही सगळ्यांनीच मनातल्या मनात ठरवून टाकलेलं. वाऱ्याने रिंग थोडी सरकली, तो तिच्यातून खाली निसटला आणि रिंग आपली मजेत पुढे गेली. आवाज काहीही झाला नाही. वहिनी पान उलटायला मान वर करते काय आणि तिला दिसतं काय, पोरगा उभाच आहे पाण्यात, डोकं मागे टाकलेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबतायत जशी काही शिडी चढतोय. तिने कपड्यांसकट उडी मारली. सगळं मिळून अर्धा मिनिट झालं असेल. तो खोकला, रडला, आणि दहा मिनिटांनी परत पाण्यात जायचंय म्हणून हट्ट करायला लागला, आमचे पाय मात्र संध्याकाळपर्यंत लटपटत होते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की आम्ही सगळे तिथेच होतो, हाकेच्या अंतरावर. आठ माणसं होती म्हणून बघणारं एकही नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं बाकीचे सात बघतायत.

रात्री मी यावर वाचत बसले. फ्रँक पिया नावाचे एक अमेरिकन लाइफगार्ड होते, त्यांनी बुडणाऱ्या माणसांचं बारकाईने निरीक्षण करून लिहून ठेवलंय की खरं बुडणं सिनेमातल्यासारखं नसतं. हात हलवणं नाही, वाचवा वाचवा नाही. ओरडायला आधी श्वास लागतो, आणि तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या क्षणात माणूस फक्त हवा आत घेऊ शकतो. हात आपोआप पाणी खाली दाबत राहतात, ते वर करून कोणाला खूण करणं त्याच्या हातात उरतच नाही. आणि हे चालतं साधारण २० ते ६० सेकंद, मग माणूस खाली जातो. मी वाचत होते आणि जसंच्या तसं भाच्याचं चित्र डोळ्यासमोर येत होतं. जे पोर पाण्यात आरडाओरडा करतंय ते निदान श्वास तरी घेतंय, गप्प झालेल्या पोराकडे आधी बघायचं.

दुसऱ्या दिवशी मावशीने नियम काढला. मावशी निवृत्त शिक्षिका आहे, तिला नियम काढायला सांगावं लागत नाही. काकांची लाल टोपी तिने जप्त केली आणि जाहीर केलं की ज्याच्या डोक्यावर टोपी तो पाण्याकडे बघणार, फक्त पाण्याकडे. फोन नाही, पुस्तक नाही, गप्पा नाहीत, ग्लासात काही असेल तर टोपी मिळणार नाही. पाळी वीस मिनिटांची, घड्याळ लावून. आणि टोपी कुठे ठेवून उठायचं नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि त्याने मोठ्याने म्हणायचं, टोपी माझ्याकडे. कोणीच घ्यायला तयार नसेल तर सगळी पोरं पाण्याबाहेर. "शाळेत मधल्या सुट्टीला असंच करायचो आम्ही," म्हणाली. पहिल्यांदा भाऊ हसला. मावशीने त्यालाच पहिली टोपी घातली.

वीस मिनिटं पाण्याकडे बघत बसणं काय असतं ते करून बघा एकदा. पाच मिनिटांत हात खिशाकडे जातो, फोन शोधायला. पाण्यावरचं ऊन डोळ्यात जातं, दोन डोकी दिसतात, तिसरं कुठंय म्हणून पोटात गोळा येतो, ते शिडीमागून निघतं. पण वीस मिनिटं झाली की टोपी द्यायची आणि मग पुढचे दोन-सव्वादोन तास तुमच्या डोक्याला काही नाही. खरं सांगते, त्या दिवशी दुपारी मी डेकवर जी झोप काढली तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती. आधीच्या तीन दिवसांत आम्ही सगळेच अर्धवट बघत होतो आणि अर्धवट आराम करत होतो, धड काहीच होत नव्हतं.

जॅकेटचंही मग नीट बघितलं. पोराला घालून, पट्टे आवळून, खांद्यापाशी धरून वर उचलायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात ते वर येणार आणि पोर खाली राहणार. आमच्या भाच्याचं सरकलं. जिथून बोट घेतली त्यांनी सगळी जॅकेटं एका खोक्यात भरून दिलेली, मापं बघायला ना त्यांना वेळ होता ना आम्हाला, आम्हाला तर कधी एकदा निघतो असं झालेलं. सुदैवाने लहान मापाचं, पायांमधून पट्टा येणारं एक खोक्याच्या तळाशी सापडलं.

आणि थंडी! बाहेर रणरणतं ऊन असताना पोरांचे ओठ निळे कसे पडतात याचं मला आश्चर्य वाटायचं. पण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा जवळजवळ २५ पट वेगाने ओढून घेतं, आणि लहान अंग तर लवकरच गार पडतं. त्यामुळे टोपीवाल्याच्या हातात अजून एक काम आलं, दात वाजायला लागले की बाहेर काढायचं, कितीही गयावया करो.

नांगराची फजिती सांगायची राहिलीच. दुसऱ्या रात्री भावाने नांगर टाकला, तळाला लागल्यावर दोरी घट्ट ओढून बांधली आणि हात झटकले. पहाटे मला जाग आली तर खिडकीत झाड. म्हणजे अक्षरशः फांदी, हात काढला असता तर पानं तोडता आली असती. रात्रीत बोट वाहत काठाला लागलेली. मला आपलं वाटायचं नांगर जड असतो म्हणून बोट धरतो, पण तसं नाहीये, तो आडवा पडून तळाच्या चिखलात रुतला पाहिजे, आणि त्यासाठी दोरी तिरकी, जवळजवळ आडवी खेचली गेली पाहिजे. सरळ वर ओढली की तो उपटून येतो. दोरी असेल तर खोलीच्या साधारण सातपट सोडायची. आमच्याकडे पाणी पाच मीटर, बोटीचं टोक पाण्यापासून एक मीटर वर, म्हणजे सहा गुणिले सात, बेचाळीस मीटर. भावाने सोडलेली सात-आठ. तिसऱ्या दिवसापासून तो न सांगता दोरी मोजून सोडायला लागला आणि नॉटची घोषणा बंद झाली, हा वेगळा फायदा.

संध्याकाळी मात्र जादू असते तिथे. वारा पडतो, तळं काचेसारखं होतं, पोरं दमून गप्प. अशाच एका संध्याकाळी नवरा आणि त्याचा मित्र छोटी होडी घेऊन लांब गेले, चांगले दोनशे मीटर तरी असतील, आणि आम्ही सगळे डेकवर बसलेलो. आणि अचानक मित्राचा आवाज, अगदी शेजारी बसल्यासारखा: "काका काय घोरतात रे, मला वाटलं इंजिन चालू राहिलं." त्यावर नवरा: "मावशीने चाळीस वर्षं कसं काढलं असेल?" मग दोघं खो खो. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार होते, वरची गरम असते, त्यामुळे वर जाणारा आवाज परत खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर पोचतो, हे मला नंतर कळलं. त्या दोघांना तर नंतरही कळलं नव्हतं, ते परत येईपर्यंत आणखी बरंच काही बोलले, त्यातलं निम्मं माझ्याबद्दल.

काका शांतपणे सगळं ऐकत होते. होडी शिडीला लागल्यावर ते उठले, स्वतःची लाल टोपी मावशीकडून मागून घेतली, आणि पाळी संपलेली, पोरं झोपायला गेलेली, पाण्यात कोणीही नसताना ती नवऱ्याच्या डोक्यावर घातली.

"इंजिनाकडे लक्ष ठेव," म्हणाले. "सकाळपर्यंत."