घरचा कोंबुचा: बाटली की केग?

कोंबुचा म्हणजे यीस्ट आणि जिवाणूंनी आंबवलेला गोड चहा. घरच्या कोंबुचाला फसफस आणायचे दोन मार्ग आहेत. थोडी साखर किंवा फळाचा रस घालून बाटली घट्ट बंद करायची आणि गॅस यीस्टलाच करू द्यायचा, हा पहिला. स्टीलच्या केगमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद पिंपात) भरून तो फ्रिजमध्ये गार करायचा आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, हा दुसरा. मी बाटल्यांकडून केगकडे वळलो. पुण्याच्या हवेत केगच बरा, हे माझं आता ठाम मत आहे. ही साधनं बहुतेकांना घरगुती बिअरमुळे माहीत असतात. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 मुळे परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, त्यामुळे इथे फक्त कोंबुचाबद्दल लिहितो. तसंही हे केग मूळचे कोल्ड्रिंकच्या सिरपचेच. बिअरवाल्यांनी ते नंतर उचलले.

बाटलीची खरी अडचण साखरेच्या हिशेबात आहे. एका लिटर द्रवात एक लिटर गॅस विरघळला की त्याला एक व्हॉल्यूम म्हणतात. वजनात तो साधारण 2 ग्रॅम भरतो. बिअरमध्ये 2.5 व्हॉल्यूमच्या आसपास गॅस असतो, कोल्यामध्ये 3.5 ते 4. लिटरमागे 4 ग्रॅम साखर पूर्ण आंबली की एक व्हॉल्यूम तयार होतो. बिअरमध्ये यीस्ट आधी खाण्याजोगी सगळी साखर संपवतं, हायड्रोमीटरचा (द्रवाच्या घनतेवरून साखर दाखवणाऱ्या उपकरणाचा) आकडा थांबतो, मग लिटरमागे 6-7 ग्रॅम साखर मोजून घालायची. त्याच्या पुढे जायला यीस्टकडे काही उरतच नाही. कोंबुचाचं तसं नाही. लिटरमागे 70 ग्रॅम साखरेने सुरुवात करून आंबटगोड चवीवर तो उतरवला, तर त्यात 35-40 ग्रॅम साखर शिल्लकच असते. ती सगळी आंबली तर 9-10 व्हॉल्यूम गॅस होईल, आणि काच त्याच्या कितीतरी आधी फुटते. म्हणजे बाटलीत आपण साखर मोजत नसतो, फक्त वेळेवर थांबवत असतो. आणि ही वेळ ऋतूप्रमाणे बदलते: डिसेंबरात ज्या फसफशीला सहा-सात दिवस लागतात, ती एप्रिल-मेमध्ये दीड-दोन दिवसांत येते. त्यात एक दिवस बाटली फ्रिजमध्ये ठेवायची राहिली, तर झाकण उघडताच निम्मा कोंबुचा ओट्यावर.

केगमध्ये आंबवणं आणि गॅस भरणं ही दोन कामं वेगळी होतात. चव हवी तशी झाली की 4 अंशांवर गार करायचं, यीस्ट जवळजवळ थांबतं, आणि फसफस रेग्युलेटरच्या (सिलिंडरवरच्या, दाब ठरवणाऱ्या यंत्राच्या) काट्यावर ठरते. मद्यार्कही कमी राहतो. साखरेतून 2.5 व्हॉल्यूमपर्यंत जाताना तो साधारण 0.4 टक्क्यांनी वाढतो; बाहेरून गॅस दिला तर ही वाढ होत नाही. घरात लहान मुलं कोंबुचा पीत असतील तर हा फरक महत्त्वाचा आहे.

केगचा आकार फ्रिज बघून ठरवावा. 19 लिटरचा नेहमीचा केग सुमारे 65 सेंटिमीटर उंच असतो, तो घरच्या फ्रिजमध्ये कप्पे काढल्याशिवाय बसत नाही. त्याच्यासाठी वेगळा जुना सिंगल डोअर फ्रिज लागतो, आणि गॅसच्या नळीसाठी त्याच्या बाजूला भोक पाडायचा मोह टाळावा: बऱ्याच फ्रिजच्या बाजूच्या पत्र्याआड गरम नळ्या असतात, त्यात ड्रिल गेलं की फ्रिज संपला. नळी दाराच्या रबराखालून घ्यावी. चार माणसांच्या घराला 5 लिटरचे दोन केग पुरतात. एक चालू, एक गॅस धरत असलेला.

लहान केगसोबत 16 ग्रॅमच्या गॅस कार्ट्रिजचा छोटा रेग्युलेटर मिळतो आणि विकणारा सांगतो की एवढं पुरे. नाही पुरत. उघड्या बरणीतून काढलेल्या कोंबुचामध्ये जेमतेम 0.8 व्हॉल्यूम गॅस असतो. तो 2.5 वर न्यायला 5 लिटरला सुमारे 17 ग्रॅम लागतात, आणि शेवटच्या ग्लासापर्यंत ढकलायला आणखी तेवढेच. कार्ट्रिज घराबाहेर नेताना वापरावं. घरात 2 किलोचा सिलिंडर आणि दोन काट्यांचा रेग्युलेटर हवा.

सिलिंडर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख: पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर भरणारा तो परत पाठवतो आणि त्याने पाठवायलाच हवा. वाल्व्हचे आटे: परदेशातून मागवलेला अमेरिकी रेग्युलेटर आपल्याकडच्या वाल्व्हवर बसत नाही, म्हणून सिलिंडर आधी, रेग्युलेटर नंतर. आणि गॅस: भोसरी-चाकणकडे औद्योगिक गॅस भरून मिळतो, पण तो खाद्य दर्जाचा आहे का हे स्पष्ट विचारावं आणि प्रमाणपत्र बघावं. सिलिंडर नेहमी उभा आणि बांधलेला. आडवा ठेवला तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. रेग्युलेटरच्या सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या काट्यावरून किती गॅस उरला हे कळत नाही, कारण आत द्रव असेपर्यंत दाब फक्त तापमानाप्रमाणे बदलतो: 20 अंशांना सुमारे 57 बार, 30 ला सुमारे 72. सिलिंडरच्या रिकाम्या वजनाचा आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. प्रवासी बॅगेच्या काट्याने वजन करून तो वजा करावा. सिलिंडर उन्हाच्या बाल्कनीत नको, बंद खोलीत तर मुळीच नको. 2 किलो गॅस म्हणजे सुमारे 1,100 लिटर. दहा बाय दहाच्या खोलीत तो सगळा गळला तर हवेत 4 टक्के होतो, आणि एवढं प्रमाण जिवावर बेतू शकतं. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. रात्री सिलिंडरचा वाल्व्ह बंद करायची सवय इथूनच लागली पाहिजे.

नळ्या, क्लिप, पाने यांसाठी पुण्यातली बोहरी आळी पुरेशी आहे, मात्र नळी खाद्य दर्जाची पीव्हीसी असल्याची खात्री करून घ्यावी. सिलिकॉनची नळी गॅसला नको. ती दाबाने फुगते आणि तिच्यातून गॅस झिरपतो. सगळ्यात जपायचं ते पितळ आणि तांब्यापासून. कोंबुचाचा पीएच 3 च्या आसपास असतो, पितळी नळातून तांबं सुटतं, चवीत उतरतं आणि पोटात जातं. क्रोम चढवलेला नळ आतून पितळीच असतो. म्हणून नळ 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचाच.

केग नवा असो की जुना, आधी पूर्ण उघडायचा. झाकण, दोन्ही पोस्ट (गॅस आणि द्रवाच्या नळ्या जोडायची तोंडं), त्यांखालच्या नळ्या, स्प्रिंगचे पॉपेट (पोस्टमधल्या छोट्या झडपा), ओ-रिंग (रबरी कड्या). गॅसच्या पोस्टवर खाचा असतात, द्रवाच्या पोस्टवर नसतात, आणि आतली नळी गॅसची आखूड, द्रवाची तळापर्यंत लांब. जोडताना अदलाबदल झाली तर नळातून नुसता गॅस येतो. कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेट घालून अर्धा तास भिजवायचं, खळखळून धुवायचं, मग फॉस्फरिक आम्लावर चालणारं, न धुता चालणारं सॅनिटायझर आत फिरवून थोडं नळातूनही सोडायचं. ब्लीच वापरू नये, क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. सोसायटीला बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने करावं, नाहीतर पांढरा थर धरतो. जुन्या केगच्या ओ-रिंगना आधीच्या पेयाचा वास असतो आणि तो धुऊन जात नाही. सगळ्या बदलायच्या. वंगण खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलीनने बरेच रबर फुगतात.

भरण्याआधी रिकाम्या केगची गळती तपासावी. 30 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब दिला की झाकण नीट बसतं. बरीच झाकणं कमी दाबावर गळतात आणि दोष सिलिंडरला दिला जातो. साबणाचं पाणी झाकण, पोस्ट आणि प्रत्येक जोडावर लावून बुडबुडे बघायचे. मग सिलिंडरचा वाल्व्ह बंद करून सकाळपर्यंत ठेवायचं. काटा खाली आला असेल तर गळती आहेच. डोळ्यांना न दिसणारी गळतीसुद्धा 2 किलो गॅस आठवड्यात संपवते.

भरताना कोंबुचा गार आणि गाळलेला हवा. साध्या गाळणीतून कोंबुचावर धरणाऱ्या सायीचे जेलीसारखे धागे सुटतात आणि पॉपेटमध्ये अडकतात, मग नळ थेंब थेंब चालतो. दुहेरी मलमल वापरावी. आलं किंवा कोकम घालायचं असेल तर ते बरणीतच एक-दोन दिवस मुरवून गाळून घ्यायचं, तुकडे केगमध्ये टाकायचे नाहीत. वर चार-पाच सेंटिमीटर जागा सोडून झाकण लावलं की 30 पीएसआय गॅस देऊन सुरक्षा वाल्व्हची कडी ओढायची, असं चार-पाच वेळा. हे टाळू नये. आत हवा राहिली तर असेटिक जिवाणूंना ऑक्सिजन मिळतो, पृष्ठभागावर नवी साय धरते आणि कोंबुचा आंबट होत जातो. बाटलीच्या गळ्यात तो जेलीचा गोळा येतो तो याचमुळे.

दाब किती? 4 अंशांवर 2.5 व्हॉल्यूमसाठी तक्ते 12 पीएसआय सांगतात. ते समुद्रसपाटीचे आहेत. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून काट्यावर एक पीएसआय जास्त: 13. लावून ठेवलं की आठवड्यात फसफस तयार होते. घाई असेल तर 30 वर 24 तास ठेवून, सिलिंडर बंद करून जादा दाब सोडायचा आणि मग 13 वर आणायचं. केग हलवून तासाभरात काम होतं, पण हलवताना द्रव गॅसच्या नळीत चढू शकतो. नॉन-रिटर्न वाल्व्ह (उलट प्रवाह अडवणारी झडप) नसेल तर हलवू नये. तीच फसफस 25 अंशांवर टिकवायला 34 पीएसआय लागतात. त्यामुळे गुरुवारी देखभालीसाठी वीज पाच-सहा तास गेली की केग गरम होतो, आतला गॅस सुटतो आणि संध्याकाळचा ग्लास नुसत्या फेसाचा येतो. तेव्हा दाबाशी खेळू नये. केग पुन्हा गार होऊ द्यावा.

फेसाचं दुसरं कारण आखूड नळी. 13 पीएसआयचा दाब नळापर्यंत येताना मुरायला हवा. 5 मिलिमीटर व्यासाच्या नळीला कागदावरचा हिशेब दीड मीटर म्हणतो, पण माझ्या अनुभवात तीन मीटरच चांगले, गुंडाळी करून फ्रिजच्या आत ठेवलेले. 5 लिटरच्या केगवर नळ थेट बसतो, तिथे प्रवाह कमी-जास्त करायची कडी असलेला नळ घ्यावा. नळ नेहमी पूर्ण उघडायचा. अर्धवट उघडला की फेस वाढतो. पहिला अर्धा ग्लास तरीही फेसाळ येतो कारण नळ गरम असतो.

कोणाला द्यायचा असेल तर बाटलीच लागते, पण ती मी केगमधूनच भरतो. बाटल्या तासभर फ्रीझरमध्ये, दाब 2-3 पीएसआयपर्यंत खाली, नळाला लावलेली नळी बाटलीच्या तळापर्यंत, आणि हळू. फेस गळ्यापर्यंत आला की त्या फेसावरच क्राउन कॅप (सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण) दाबायची, म्हणजे हवा राहत नाही. या बाटलीतही साखर आणि यीस्ट दोन्ही असतात. ती घेणाऱ्याला हे सांगायचं: फ्रिजमध्येच ठेव, आणि आठवड्यात संपव.