डॉक्युमेंट डेटाबेसचं मार्गदर्शक पारखताना

डॉक्युमेंट डेटाबेस म्हणजे माहिती तक्त्यांऐवजी फील्ड आणि किमतींच्या जोड्या असलेल्या नोंदींत, म्हणजे डॉक्युमेंटमध्ये, ठेवणारा डेटाबेस. त्याच्यावरचं नवं मार्गदर्शक हाती आलं की मी पहिलं प्रकरण सोडून देतो. तिथे सगळ्यांचं सारखंच असतं: इन्स्टॉल करा, कलेक्शन (डॉक्युमेंटचा गट) तयार करा, दोन डॉक्युमेंट टाका, परत काढून बघा. मी थेट डेटाची मांडणी शिकवणारं प्रकरण उघडतो आणि एकच गोष्ट शोधतो. काय आत ठेवायचं आणि काय वेगळ्या कलेक्शनमध्ये, हे सांगण्याआधी लेखकाने ‘ही माहिती कोण वाचणार, कशी वाचणार, किती वेळा बदलणार’ हे विचारलंय का? आज असंच एक मार्गदर्शक वाचून झालं. विषय डोक्यात ताजा आहे तोवर पारखायच्या खुणा लिहून ठेवतो. उदाहरणं बहुतेक मोंगोडीबीची (अशाच एका डेटाबेसची) आहेत, कारण या विषयावरचं बरंचसं लेखन तिच्यावरच आहे.

ऑर्डर आणि तिच्यातल्या वस्तू हे उदाहरण जवळपास प्रत्येकजण घेतो. वस्तू ऑर्डरच्या आतच ठेवा, असं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण का बरोबर आहे? एका ऑर्डरमधल्या वस्तूंची संख्या आटोक्यात असते, त्या ऑर्डरसोबतच वाचल्या जातात, आणि खरेदीच्या वेळची किंमत तिथे गोठवून ठेवणं आवश्यकच असतं. ही तीन कारणं लिहिलेली असतील तर वाचक उद्या स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतो. कारणं गाळून नुसता निर्णय दिला की तोच वाचक लेखाखालच्या प्रतिक्रियाही लेखाच्या डॉक्युमेंटमध्ये कोंबतो. प्रतिक्रियांना वरची हद्द नसते. मग मार्गदर्शक म्हणतं, ‘डॉक्युमेंट जास्तीत जास्त १६ एमबीचं असू शकतं, तेवढं लक्षात ठेवा.’ आकडा खरा आहे, सल्ला अपुरा. त्रास १६ एमबीच्या कितीतरी आधी सुरू होतो. लेखाचं नुसतं शीर्षक हवं असलं तरी सर्व्हरला अख्खं डॉक्युमेंट मेमरीत आणावं लागतं. प्रोजेक्शनने, म्हणजे हवी तेवढीच फील्ड मागितल्याने, नेटवर्कवरचा भार कमी होतो, डिस्क आणि कॅशवरचा नाही. प्रतिक्रियांच्या त्या अॅरेवर (यादीवर) इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, असेल तर प्रत्येक घटकाची इंडेक्समध्ये वेगळी नोंद होते. ताज्या दहा प्रतिक्रिया आत आणि बाकीच्या वेगळ्या कलेक्शनमध्ये, हा मधला मार्ग दाखवणारा लेखक मला भरवशाचा वाटतो.

दुसरी खूण, माहितीची पुनरावृत्ती. ग्राहकाचं नाव प्रत्येक ऑर्डरमध्ये ठेवा म्हणजे वाचन जलद होईल, इथपर्यंत सगळेच येतात. नाव बदललं तर काय करायचं, हे किती जण लिहितात? ‘अपडेटमेनी चालवा’, म्हणजे एका आज्ञेने अनेक डॉक्युमेंट बदला, एवढ्याने भागत नाही. अपडेटमेनीत प्रत्येक डॉक्युमेंटचा बदल अविभाज्य असतो, सगळ्यांचा मिळून नाही. मध्येच काही बंद पडलं तर निम्म्या ऑर्डरवर जुनं नाव, निम्म्यांवर नवं. ते चालणार असेल तर तसं स्पष्ट लिहावं. चालणार नसेल तर ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) वापरावी, आणि तिची किंमतही सांगावी: सर्व्हरची मूळ मर्यादा ६० सेकंदांची आहे, त्यापुढे रेंगाळलेली ट्रान्झॅक्शन रद्द होते. लाखो ऑर्डरचं नाव एका दमात बदलायचा बेत तिथेच कोसळतो. तुकड्या पाडून, पुन्हा चालवली तरी बिघडणार नाही अशी अपडेट लिहिणं हेच अशा वेळी कामाचं, आणि ते एका पानात शिकवता येतं.

‘या डेटाबेसला स्कीमा नसतो’ हे वाक्य कौतुकाने लिहिलेलं दिसलं की मी सावध होतो. स्कीमा (माहितीच्या रचनेचे नियम) असतोच, फक्त तो अॅप्लिकेशनच्या कोडमध्ये जाऊन बसतो आणि कुणाला दिसत नाही. मोंगोडीबीमध्ये ३.२ या आवृत्तीपासून व्हॅलिडेटर (लिहिताना डॉक्युमेंट तपासणारा नियम) आहे, ३.६ पासून तो लिहायला जेसन स्कीमा ही पद्धत वापरता येते. चांगलं मार्गदर्शक त्याच्या अडचणीही सांगतं. व्हॅलिडेटर लावल्याने आधीची डॉक्युमेंट तपासली जात नाहीत, नियम पुढच्या इन्सर्ट आणि अपडेटपासून लागू होतो. चालू प्रणालीत कडक नियम एकदम लावला की जुन्या, नियमात न बसणाऱ्या डॉक्युमेंटच्या साध्या अपडेटही अडतात. म्हणून आधी ‘वॉर्न’ (फक्त इशारा) ठेवायचं, लॉगमध्ये काय येतं ते पाहायचं, जुना डेटा दुरुस्त करायचा आणि मगच ‘एरर’वर जायचं. हा क्रम लिहिलेला असेल तर लेखकाने हे काम खरोखर केलंय असं समजायला हरकत नाही.

क्वेरीच्या (माहिती शोधण्याच्या) प्रकरणासाठी माझ्याकडे एक झटपट कसोटी आहे. गुणांचा अॅरे ७० आणि ९० असा आहे. ‘८० पेक्षा जास्त आणि ८५ पेक्षा कमी’ ही अट लावली तर हे डॉक्युमेंट सापडेल का? सापडतं. ९० पहिली अट पुरी करतो, ७० दुसरी करतो, आणि दोन्ही अटी एकाच घटकाने पुऱ्या कराव्यात असं आपण सांगितलेलंच नसतं. ते सांगायला इलेममॅच हा ऑपरेटर लागतो. तो विसरला तर एरर येत नाही, उत्तर चुकीचं येतं आणि कुणाला कळत नाही. अशा मूक चुका हा या विषयाचा खरा गाभा आहे, आणि मार्गदर्शकाने त्यांना भरपूर जागा द्यावी असं मला मनापासून वाटतं. ‘फील्ड नल (रिकामं) आहे’ ही अट फील्डच नसलेली डॉक्युमेंटही उचलते. आतल्या डॉक्युमेंटची अख्खी तुलना केली तर फील्डचा क्रम बदलताच जुळणी फसते, म्हणून डॉट लावून एकेक फील्ड तपासावं. ईमेलवर युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा) लावला आणि दोन डॉक्युमेंटमध्ये ईमेल नसेल तर दुसरं डॉक्युमेंट नाकारलं जातं, कारण नसलेलं फील्ड इंडेक्समध्ये नल धरलं जातं. उपाय पार्शल इंडेक्स, म्हणजे ईमेल असलेल्याच डॉक्युमेंटवरचा इंडेक्स.

तारखांचं तर वेगळं पानच हवं. कुठे तारीख प्रकार, कुठे अक्षरांची तारीख असं मिसळलं की तारखेची क्वेरी अक्षरांच्या नोंदींकडे पाहतच नाही, कारण तुलना एकाच प्रकारातल्या किमतींमध्ये होते. टीटीएल इंडेक्सही (ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी पुसणारा) अशा नोंदी कधीच पुसत नाही. आणि खऱ्या तारखा असल्या तरी टीटीएलचं पुसण्याचं काम साधारण ६० सेकंदांनी एकदा पार्श्वभूमीत चालतं, त्यामुळे ‘मुदत संपताच नोंद गायब’ असं लिहिणारं मार्गदर्शक चूक शिकवतंय. पैशांची रक्कम साध्या दशांश संख्येत ठेवणारं उदाहरण दिसलं तर तीही खूण वाईटच. ३.४ पासून डेसिमल १२८ हा नेमक्या दशांशांचा प्रकार आहे, किंवा सर्वात लहान एककात पूर्णांक ठेवता येतात.

इंडेक्सच्या प्रकरणात मी आकडे शोधतो. ‘इंडेक्स लावा, वेग वाढेल’ याला काही अर्थ नाही. स्थिती ‘प्रलंबित’, रक्कम ५०० पेक्षा जास्त, नवी ऑर्डर आधी: या क्वेरीसाठी इंडेक्समधला क्रम स्थिती, तारीख, रक्कम असा हवा. आधी समानतेची अट, मग क्रमवारीचं फील्ड, शेवटी व्याप्तीची अट. रक्कम मध्ये आणली तर इंडेक्समधून तारखेचा क्रम मिळत नाही आणि क्रमवारी मेमरीत लावावी लागते. त्या मेमरीला ४.४ पासून १०० एमबीची हद्द आहे, त्याआधी ३२ एमबी होती. ६.० पासून हद्द ओलांडली की तात्पुरत्या फाइल आपोआप डिस्कवर जातात. आधीच्या आवृत्त्यांत तशी परवानगी दिली नसेल तर क्वेरी एरर देऊन थांबते. उत्तम लेखक इथे आणखी एक वाक्य जोडतो: व्याप्तीची अट फारच थोड्या नोंदी निवडत असेल तर क्रम उलटा ठेवणंही फायद्याचं ठरतं, म्हणून मोजून बघा.

मोजायचं कसं? क्वेरी कशी चालली ते सांगणारी एक्सप्लेन ही आज्ञा ‘एक्झिक्युशनस्टॅट्स’सह चालवून. परत आलेल्या नोंदी, तपासलेल्या इंडेक्सच्या नोंदी आणि तपासलेली डॉक्युमेंट हे तीन आकडे शेजारी ठेवायचे. २० नोंदींसाठी ४८,००० डॉक्युमेंट तपासली गेली असतील तर योजनेत आयएक्सस्कॅन (इंडेक्स वापरल्याची खूण) दिसतंय म्हणून समाधान मानायचं कारण नाही. आणि वेगळा सॉर्ट टप्पा दिसला तर क्रमवारी इंडेक्समधून आलेली नाही हे नक्की. आजच्या मार्गदर्शकात हे सगळं आहे, पण दहा डॉक्युमेंटच्या कलेक्शनवर. दहा डॉक्युमेंटवर सगळंच शून्य मिलिसेकंदांत होतं, वाईट क्वेरीही. निदान पाच-दहा लाख नोंदी तयार करणारी छोटी स्क्रिप्ट सोबत नसेल तर हे प्रकरण वाचून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. स्क्रिप्टमध्ये विषम वाटप हवं हेही महत्त्वाचं. ९५ टक्के ऑर्डर ‘पूर्ण’ आणि ५ टक्के ‘प्रलंबित’ असतील तेव्हाच एकच इंडेक्स एका स्थितीसाठी उपयोगी आणि दुसरीसाठी निरुपयोगी का ठरतो ते दिसतं.

आवृत्ती न लिहिलेलं मार्गदर्शक मी बाजूला ठेवत नाही, वय ओळखतो. एन्शुअरइंडेक्स (इंडेक्स बनवायची जुनी आज्ञा) वापरलंय? ते ५.० मध्ये काढून टाकलं. जुना मोंगो शेल (आज्ञा देण्याचं साधन) आहे? ६.० पासून तो सोबत येत नाही, मोंगोश हा नवा शेल वापरावा लागतो. ‘ट्रान्झॅक्शन नसतात’ असं लिहिलंय? रेप्लिका सेटवर (एकाच डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या गटावर) त्या ४.० पासून, म्हणजे २०१८ पासून आहेत, शार्ड केलेल्या (डेटा अनेक सर्व्हरवर वाटलेल्या) क्लस्टरवर ४.२ पासून. ‘डॉक्युमेंट वाढलं की डिस्कवर जागा बदलतं, म्हणून आधीच मोकळी जागा राखा’ हा सल्ला एमएमएपीव्ही१ या जुन्या स्टोरेज इंजिनचा. ३.२ पासून वायर्डटायगर मूळ इंजिन आहे आणि ४.२ मध्ये जुनं काढूनच टाकलं. त्या काळच्या मार्गदर्शकातला मांडणीचा विचार मात्र आजही वाचण्यासारखा असू शकतो. कारण दिलेलं असेल तर कोणता भाग शिळा झाला ते वाचकाला स्वतः ओळखता येतं.

टिकाऊपणाबद्दल बहुतेक मार्गदर्शकं घाईत असतात, आणि मला याचा राग येतो. ‘लिहिलं’ असं उत्तर आलं म्हणजे नेमकं कुठे लिहिलं? फक्त प्रायमरीने (लेखन घेणाऱ्या मुख्य सर्व्हरने) पोच दिली आणि सेकंडरीपर्यंत (तिच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरपर्यंत) बदल पोहोचण्याआधी प्रायमरी पडली, तर नवी प्रायमरी निवडली जाते आणि जुनी परतल्यावर तिच्यावरचे ते बदल मागे घेतले जातात. ५.० पासून बहुसंख्य सदस्यांची पोच हा सर्वसाधारण डीफॉल्ट झाला, पण आर्बिटर (डेटा न ठेवता फक्त मत देणारा सदस्य) असलेल्या काही रचनांमध्ये तो लागू होत नाही. याहून नेमकी खूण म्हणजे डब्ल्यूटाइमआउट (पोचेची किती वेळ वाट पाहायची ती सेटिंग). त्याची मुदत संपून एरर आली म्हणजे लिहिलेलं रद्द झालं असं नाही. पोच वेळेत आली नाही, एवढंच. बदल तिथे असतो, कदाचित पुढे पोहोचतही असतो. एरर दिसताच तेच इन्सर्ट पुन्हा करायला सांगणारं उदाहरण दुहेरी नोंदी तयार करतं. एवढं एक वाक्य ज्या मार्गदर्शकात सापडतं, त्याची बाकीची पानं मी जास्त विश्वासाने वाचतो.

शार्डिंगबद्दल फार नको. कायम वाढत जाणारी शार्ड की (नोंद कोणत्या शार्डवर जाईल ते ठरवणारं फील्ड) निवडली तर सगळी नवी इन्सर्ट एकाच शार्डवर आदळतात, हॅश केली तर व्याप्तीच्या क्वेरी सगळ्या शार्डना विचाराव्या लागतात, हे दोन्ही लिहिलेलं हवं. ‘की नंतर बदलता येत नाही’ हे जुनं झालं, ५.० पासून रीशार्डिंग आहे. पण त्याआधी शार्डिंगची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न हवा.

मार्गदर्शक दुसऱ्या डॉक्युमेंट डेटाबेसचं असेल तर कसोटीचा प्रश्न बदलतो. काउचडीबीच्या मार्गदर्शकात मी रिव्हिजन (डॉक्युमेंटची आवृत्ती) आणि संघर्षाचं प्रकरण आधी उघडतो. जुनी रिव्हिजन देऊन अपडेट केली तर ४०९ (संघर्षाचा एरर कोड) येतो, हे सगळे सांगतात. रेप्लिकेशनमध्ये दोन्हीकडे बदल झाला तर एक रिव्हिजन जिंकलेली दिसते, हरलेलीही साठ्यात राहते, आणि ती शोधून मिटवणं अॅप्लिकेशनचं काम आहे, हे सांगणारा लेखक हवा.

सुरक्षेचं एकच तपासतो. पहिल्या प्रकरणात पासवर्डशिवाय चालवलेला सर्व्हर पुढे कुठे बंदिस्त केलाय का? जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी सर्व्हर पुसले गेले आणि खंडणी मागितली गेली. उघडा पोर्ट आणि नसलेलं ऑथेंटिकेशन, एवढंच त्याला पुरलं.

शेवटी बॅकअपचं पान. रेप्लिका सेट म्हणजे बॅकअप, असं कुठे लिहिलेलं असेल तर ते पान फाडावंसं वाटतं: प्रायमरीवर कलेक्शन पुसलं की काही क्षणांत सेकंडरीवरूनही जातं. मोंगोडम्प (डेटाची प्रत काढणारं साधन) सांगितला असेल तर मोंगोरिस्टोअरही (ती परत भरणारं) चालवून दाखवलाय का ते बघतो. डम्पमध्ये इंडेक्सची फक्त व्याख्या असते, इंडेक्स परत भरताना नव्याने बांधले जातात, त्यामुळे डम्प घ्यायला लागलेल्या वेळावरून परत उभं राहायला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधता येत नाही. आजच्या मार्गदर्शकात डम्पची आज्ञा आहे, रिस्टोअरची नाही. मांडणीचं प्रकरण त्यात उत्तम आहे, ते शिकणाऱ्यांना जरूर देईन. बॅकअपसाठी मात्र दुसरं काहीतरी सोबत द्यावं लागेल.