टॉर्च, चुना आणि नानांची नजर

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज घरच्या खाऱ्या पाण्याच्या मासेटँकमधली पाच नकोशी समुद्रफुलं मारून झाली. पंप पुन्हा सुरू केला, सिरिंज धुऊन ठेवली आणि मगच लिहायला बसले. हाताला अजून खारट वास येतोय.

दिवाळीच्या सुमारास पहिलं दिसलं होतं. झोअँथिडचा, म्हणजे झुबक्याने वाढणाऱ्या एका प्रवाळासारख्या समुद्री जिवाचा, छोटा तुकडा आणला होता, त्याच्या बुडाशी एक तपकिरी, जवळजवळ पारदर्शक देठ आणि वर बारीक बोटांचा झुबका. माडाच्या झाडासारखं. मला ते इतकं आवडलं की दोन आठवडे मी त्याचे फोटो काढत होते. नाव कळलं तेव्हा पोटात धस्स झालं. एप्टेशिया. ही समुद्रफुलं शेजारच्या जिवांना डंख मारत, जागा बळकावत पसरतात. मी त्याच संध्याकाळी चिमटा घेतला आणि ओढलं. ते झटक्यात भोकात शिरलं, अर्धं तुटून चिमट्यात आलं. तीन आठवड्यांनी मोजली तर सात!

मग कळलं की या जिवाच्या पायाचा कण जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवं समुद्रफूल उभं राहतं. कुणी हात लावायलाही नको. ते सरकता सरकता पायाचे तुकडे आपणच मागे टाकत जातं. म्हणजे मी ओढून त्याचंच काम केलं होतं. या जिवाशी रागाने काही करायचं नाही, हे मला तेव्हा समजलं, आणि उशिरा समजलं याची हळहळ अजून आहे.

टँक नव्वद लिटरचाच आहे, पण तो उभा करायला वर्ष गेलंय. समुद्र तिकडे कसारा घाट उतरून, मुंबईला. इथे नाशिकला नळाला गंगापूर धरणाचं पाणी. ते आरओतून काढायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ घालायचं, घनता १.०२५ वर आणायची, थंडीत हीटर सांभाळायचा. चमचा चमचा करून जमवलेला समुद्र आहे हा. तो या काचेसारख्या फुलांच्या हवाली करायची माझी तयारी नव्हती.

मधल्या काळात पेपरमिंट कोळंबी म्हणून एक जोडी आणली. ती एप्टेशिया खाते, हे खरं. पण दुकानदाराने दिली ती कॅमल कोळंबी निघाली. पाठीला कुबड, अंगभर पांढरे पट्टे आणि ठिपके. खऱ्या पेपरमिंटच्या अंगावर लाल बारीक उभ्या रेघा असतात आणि मधे पांढरे पट्टे नसतात. मी बघून घ्यायला हवं होतं. दोन रात्रींत सहा झोअँथिड गेले. फार वाईट वाटलं.

एकाने सांगितलं, दगडच काढून उकळ. ते मात्र मी कदापि करणार नाही, आणि ज्यांच्याकडे झोअँथिड आहेत त्यांनीही करू नये. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ते वाफेबरोबर घरभर पसरून माणसं दवाखान्यात पोचली आहेत. मी तर त्या दगडाला हातमोजे घातल्याशिवाय हातही लावत नाही.

एप्टेशिया मारायला शेवटी कॅल्शियम हायड्रॉक्साइडची शुद्ध पावडर आणली. वाटीत आरओच्या पाण्यात घोळत होते, तेवढ्यात नाना आले.

"अगं, हा तर चुना. पानाचाच की."

"तोच, नाना. फक्त यात दुसरं काही मिसळलेलं नाही."

नाना नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासायचे. नोटेतला बारीकसा दोष त्यांना एका नजरेत दिसायचा म्हणतात. आता टॉर्च तेच धरतात. मी दगडाच्या समोरचं बघते, ते सांदीतलं बघतात. "त्या खाचेत, डावीकडे, अजून एक आहे बघ," म्हणतात, आणि असतंच.

आजचं तिसरं नीट जमलं. पंप बंद. पाणी निवळलं. दह्याइतकी दाट पेस्ट, बोथट सुई. वरून सावली पडली की ते मिटतं, म्हणून हात बाजूने, अगदी हळू नेला. सुई तोंडाच्या चकतीवर आणली आणि एक थेंब सोडला. बोटं आत वळली, त्या पांढऱ्या थेंबासकट ते मिटलं. पंधरा मिनिटं कुणी काही बोललं नाही. शेजारच्या झोअँथिडवर कण पडला नाही, हे बघून मग पंप लावला. एका दिवसात पाचच्या वर करत नाही. चुन्याने पाण्याचा पीएच वर चढतो आणि दोन क्लाउनफिश मासे त्याच पाण्यात आहेत.

मारताना वाईट वाटतं, हेही लिहून ठेवते. याच एप्टेशियाचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय आराखडा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटात शैवाल सांभाळणारं, प्रयोगशाळेत भराभर वाढणारं, म्हणून प्रवाळांचं दुखणं समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी ते निवडलं. जो चिवटपणा मला छळतो, तोच तिकडे कामाला येतो.

आता दिवा बंद करायला गेले तर नाना काचेपाशी वाकून उभे. फिल्टरच्या पाइपामागे एक दिसलंय, मोहरीएवढं. उद्या रात्री तेच पहिलं घ्यायचं ठरलं आहे.