तुम्ही विचारलंत म्हणून: अंडी रंगवलेली आहेत का?

नाही, रंगवलेली नाहीत. आणि गावरानही नाहीत. दर रविवारी सोसायटीच्या बाजारात हे दोन प्रश्न जोडीनेच येतात, सुटे पैसे देता देता दिलेलं उत्तर कुणालाच पटत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

माझ्या कोंबड्या आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड. अमेरिकेतल्या त्या चिमुकल्या राज्यातल्या शेतकऱ्यांनी आशियातून गेलेले मलय आणि शांघायकडचे पक्षी आपल्या कोंबड्यांशी मिसळून ही जात बनवली, १९०४ ला तिला तिकडे अधिकृत मान्यता मिळाली. अंड्याचा तपकिरी रंग आशियातल्या पक्ष्यांकडून आला. आपली गावरान अंडी लहान आणि बरीचशी फिकट बदामी असतात, त्यामुळे गडद तपकिरी म्हणजे गावरान हे समीकरणच चुकीचं आहे. आणि तपकिरी म्हणजे जास्त ताकद, असंही नाही, कोंबडी काय खाते यावर ते ठरतं. हे मी स्वतः सांगते, धंद्याचं नुकसान करून सांगते.

आता त्या दिवसाचं. पावसाळ्यात पहाटे खुराड्यातून काढलेली ताजी अंडी घेऊन मी स्टॉलवर बसले होते. एका काकांनी अंडं उचललं, बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि अंडं जोरात घासलं. रुमालावर तपकिरी डाग आला. त्यांनी तो रुमाल सगळ्यांना दिसेल असा वर धरला, "अहो ताई, हा काय प्रकार आहे?" मी म्हणाले काका, तो कोंबडीचाच रंग आहे, पण का निघाला ते तेव्हा मलाच माहीत नव्हतं आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. नेहमी येणाऱ्या एक वहिनी हातातला ट्रे ठेवून काही न बोलता निघून गेल्या. माझा मुलगा शेजारी उभा होता. घरी जाईपर्यंत त्याने एक शब्द काढला नाही, मग जेवताना विचारलं, आई, आपण खरंच काही लावतो का गं?

दुसऱ्या दिवशी कोंबडीखालून गरम अंडं काढून मी ओल्या फडक्याने घासलं. डाग आला! पशुवैद्यक डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले रंग बहुतेक शेवटच्या काही तासांत चढतो, कवचाच्या वरच्या थरात असतो, अंडं ताजं असेल आणि ओलं करून घासलं तर थोडा सुटणारच. म्हणजे त्या काकांची परीक्षा जितकं ताजं अंडं तितकं नापास करणारी होती. हे सांगायला ते काका मला परत भेटलेच नाहीत.

चहाच्या पाण्यात पांढरी अंडी बुडवून गावरान म्हणून विकणारे आहेत, मला माहीत आहे, शंका घेण्यात तुमचं काही चुकत नाही. पण मग मी काय करू? फोडून दाखवलं तर आतून पांढरंच असतं, चहातलंही तसंच दिसतं. उन्हाळ्यात आणि कोंबडी म्हातारी होताना रंग फिका पडतो, तेव्हा म्हणता मिक्स केलीत. एकसारखी असली की म्हणता रंगवलीत.

घरचे म्हणतात हायब्रीड लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठीच्या संकरित कोंबड्या आण, वर्षाला ३०० अंडी, कशाला हा ताप. हिशोबाने ते बरोबर आहेत, माझ्या कोंबड्या तेवढ्या देत नाहीत. पण हायब्रीडची पिल्लं आईसारखी निघत नाहीत, दरवेळी विकत आणावी लागतात. आरआयआरची अंडी मी खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीखाली ठेवते आणि पिल्लं आईबापासारखीच तांबडी निघतात. मला माझा कळप हवा आहे. हट्ट म्हणा हवं तर.

डॉक्टरांनी एक उपाय सांगितलाय, नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली अंधारात खरं तपकिरी अंडं लालसर चमकतं, चहाचं तसं चमकत नाही. सुरुवातीची मी असते तर त्याच दिवशी दिवा आणला असता, खोक्याला भोक पाडून एकेकाला दाखवत बसले असते. आता वाटतं, भाजीवाल्याला कुणी दिवा मागत नाही, मीच का? आणि लगेच वाटतं, त्या वहिनी परत येणार असतील तर आणावा की. मुलगा म्हणतो आणूया. मी अजून हो म्हटलेलं नाही.