कान्हेरीच्या पोढ्या : भर पावसातली मोजणी

कान्हेरीला येणारे बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतल्या उंच बुद्धमूर्ती पाहून परततात. आमचे काम मात्र त्याच डोंगरावरच्या पोढ्यांचे, म्हणजे कातळात खोदलेल्या टाक्यांचे, आणि त्यांच्यात पाणी आणणाऱ्या चरांचे मोजमाप घेऊन नकाशे तयार करण्याचे होते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असलेल्या या शंभराहून अधिक लेण्यांपैकी पुष्कळांच्या अंगणालगत अशी एखादी पोढी आहे. मुंबई परिसरात वर्षभराचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने भिक्षूंना या साठ्याच्या भरवशावर काढावे लागत. हे ध्यानात घेतले की आधी लेणे ठरले की आधी पोढी, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

उन्हाळ्यात काढलेल्या नकाशावर चर आले होते, पण कोणता चर कोणत्या पोढीला मिळतो हे काही ठिकाणी सांगता येत नव्हते. आमच्याबरोबर टेप धरायला येणारे एक वयस्क वारली गृहस्थ उद्यानातल्याच पाड्यावर राहत. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. त्यांनी एकदा नकाशा पाहिला आणि म्हणाले, "दादा, हे उन्हात नाही कळायचं. पाऊस लागला की माथ्यावर चला."

जूनमध्ये पाऊस नीट लागला त्या दिवशी आम्ही माथ्यावर गेलो. सुरुवातीला उघड्या कातळावर पाणी नुसतेच पसरत होते. थोड्याच वेळात ते ओळी धरू लागले आणि उन्हाळ्यात निव्वळ ओरखडे वाटणारे उथळ चर एकामागून एक वाहते झाले. लेण्याच्या दर्शनी भागावर धार पडू नये म्हणून माथ्याशी आडवा खोदलेला चर ते पाणी बाजूला वळवत होता आणि तिथून ते थेट पोढीत उतरत होते; वरची पोढी भरली की तिचे जादा पाणी खालच्या अंगाला जात होते. मामा पुढे चालत काठीने वाट दाखवत होते आणि मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फळीवर पेन्सिलीने बाण काढत होतो.

दुपारी आम्ही पाचव्या लेण्यापाशी आलो. तिथल्या टाक्याजवळ कोरलेला ब्राह्मी लिपीतला संस्कृत लेख बराच झिजलेला आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजाची, कन्या असल्याचे तो सांगतो आणि तिचा अमात्य सतेरक याने केलेल्या पाण्याच्या टाक्याच्या दानाची नोंद करतो. महाक्षत्रपाच्या नावाचे पहिलेच अक्षर शिल्लक आहे, पण अभ्यासक तो रुद्रदामन मानतात. याच रुद्रदामनाच्या जुनागढ येथील लेखात, दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे त्याचा नाश केला नाही, असे म्हटले आहे. तो लेखही मुळात सुदर्शन तलावाच्या फुटलेल्या बांधाच्या दुरुस्तीचा आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या सोयरिकीचा माग असा एका टाक्याच्या आणि एका बांधाच्या लेखातून लागतो, हे मला कोणत्याही युद्धवर्णनापेक्षा अधिक बोलके वाटते.

इंग्रजी अमदानीतही मुंबईची तहान याच डोंगरांनी भागवली. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव पूर्ण झाले, आणि त्यांच्या पाणलोटासाठी राखलेले रान पुढे राष्ट्रीय उद्यानाचा गाभा ठरले.

संध्याकाळपर्यंत आमच्या पट्ट्यातली एक पोढी सोडली तर बाकी सगळ्यांत पाणी उतरलेले दिसत होते. कोरड्या राहिलेल्या पोढीच्या वर पाहिले, तर तिचा चर वाटेच्या मातीखाली दबलेला निघाला आणि पाणी पायऱ्यांवरून वाया जात होते. नकाशाच्या नव्या प्रतीत प्रवाहाचे बाण निळ्या रंगात आले, दबलेला भाग तांबड्या रंगात आला, आणि अहवालात माती काढण्याच्या कामांत त्या पोढीचा क्रमांक आम्ही पहिला लिहिला.